पुस्तकामागचा दुसरा माणूस

आवडती पुस्तकं कोणती, आवडते लेखक कोण, असं कुणी विचारलं की माझी जरा पंचाईतच होते. एक तर माझं वाचन म्हणजे निव्वळ खिचडी. अभंग, प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, रहस्यकथा, विज्ञानकथा, सगळं एकाच फडताळात. पाककृतींची पुस्तकंसुद्धा. (हो, मी पाककृतींची पुस्तकं गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचतो. जेवण झाल्यावर आडवं पडून वाचायला त्यासारखं दुसरं काही नाही.) त्यातलं एक निवडायचं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय.

तरी मध्यंतरी एकदा ठरवून यादी केली. प्रत्येक प्रकारातलं एकच पुस्तक घ्यायचं, जास्त लाड नाहीत. यादी झाली, आणि मग इतिहासाची खोड असल्यामुळे प्रत्येक पुस्तकापुढे ते लिहिलं कधी गेलं आणि छापलं कधी गेलं ही सालं मांडत बसलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की यातली बरीचशी पुस्तकं माझ्यापर्यंत पोचायचं काही कारणच नव्हतं! कुणाची पोथी एखाद्या घरात पडून होती, कुणाच्या जेमतेम पाचशे प्रती निघाल्या होत्या, कुणी तर आपण लिहितोय हेच मुळी जाणत नव्हतं. लेखक आणि मी यांच्यामध्ये प्रत्येक वेळी आणखी एक माणूस उभा होता. कधी मुलगा, कधी संपादक, कधी जुन्या पुस्तकांच्या मागे लागलेला एखादा प्राध्यापक. त्याचं नाव मुखपृष्ठावर नसतं, असलंच तर बारीक टाइपात. आज लिहायचंय ते या दुसऱ्या माणसाबद्दल.

सुरुवात तुकोबांपासून. गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेराव्या दिवशी कोरडी वर आली ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. ती कथा आहे तिथे राहू द्या. पण गाथा आपल्या हातात आली त्यात संताजी जगनाड्यांच्या वह्यांचा, आणि त्यानंतर दोनशे वर्षं हाताने नकला करत बसलेल्या वारकऱ्यांचा मोठा वाटा आहे. पुढे मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये मंजूर केले आणि १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन खंड निघाले, साडेचार हजारांवर अभंग असलेले. त्या काळचे चोवीस हजार! एका वाण्याच्या अभंगांसाठी इंग्रज सरकारने एवढे पैसे काढावेत यामागे सर अलेक्झांडर ग्रँट या शिक्षणखात्याच्या संचालकांचा आग्रह होता. आणि काम कुणी केलं? विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी, शंकर पांडुरंग पंडित यांना सोबत घेऊन. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्या जमवायच्या, ओळ ओळ ताडून पाहायची, पाठभेद खाली नोंदवायचे, असं ते काम.

हे विष्णुशास्त्री म्हणजे विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. सनातन्यांशी रोज वाद, वर्तमानपत्रातून टीका, बहिष्कार हे सगळं चालू असताना हा माणूस दुसऱ्या हाताने तुकोबांच्या पोथ्या ताडून पाहत होता. मला तर या दोन कामांत फार अंतर वाटत नाही. ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही त्यांचं म्हणणं नीट, जसंच्या तसं पुढे ठेवायचं, हेच दोन्हीकडे. असो. आज घरोघरी जी गाथा आहे, तिच्या मागे कुठेतरी ती इंदुप्रकाशची प्रत उभी आहे, एवढं खरं.

प्रवासवर्णनात माझी निवड ठरलेली आहे, विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी कृपया हा लेख इथेच सोडून ते आधी वाचावं, मी रागावणार नाही. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल असं कानावर येतं, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघतो. आता १८५७ साली उत्तरेकडे निघणं म्हणजे काय हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! वाटेत महूजवळ शिपाई भेटतात तेव्हा कुठे कळतं की पुढे काहीतरी भयंकर व्हायचं आहे. तरी हा पुढे जातो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत शहरात. शहर लुटलं जातं, माणसं कापली जातात, हा लपून राहतो आणि वाचतो. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी खुद्द राणी लक्ष्मीबाई भेटते. मिळवलेलं द्रव्य लुटारूंच्या हाती जातं. आणि इतकं सगळं होऊन हा माणूस गंगेची कावड खांद्यावरून थेट वरसईला आणतो आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो.

सत्तावन्नवर पुस्तकं ढिगाने आहेत. पण ज्याला त्या लढाईत कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती, ज्याला फक्त दक्षिणा घेऊन घरी यायचं होतं, अशा माणसाने पाहिलेलं सत्तावन्न दुसरीकडे कुठे मिळणार? राजवाड्यातलं जेवण कसं होतं, कुणी किती दिलं, हे तो जितक्या बारकाईने सांगतो तितक्याच बारकाईने रस्त्यावरची प्रेतंही सांगतो.

हा सगळा वृत्तान्त त्याने लिहिला तो परत आल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी, मोडीत. आणि लिहिला तो चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून. गोडसे हे वैद्यांच्या घरचे उपाध्ये. चिंतामणराव म्हणजे पुढे भारताचार्य म्हणून ओळखले गेलेले विद्वान. आपल्या भटजींनी काय पाहिलंय याची किंमत कळायला असा यजमान असावा लागतो. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. तोवर भटजी हयात नव्हते.

पण इथे एक मेख आहे. वैद्यांनी छापलेलं पुस्तक म्हणजे भटजींनी लिहिलेलं पुस्तक नव्हे. त्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, काही मजकूर गाळला, काही आपल्या पदरचा घातला. १९०७ साल हे सत्तावन्नच्या आठवणी मोकळेपणी छापायचं साल नव्हतं हे मान्य. पुढल्याच वर्षी टिळकांना मंडालेला धाडलं. तरीही लेखकाच्या वाक्यात हात घालणं ते घालणंच. मग मूळ काय होतं हे आज आपल्याला कसं कळतं? तर त्याच वैद्यांमुळे! मूळ मोडी पोथी त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवली, आणि तिच्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ मजकूर छापून काढला. आपण केलेले बदल उघडे पाडणारा पुरावा स्वतःच्या हाताने जपून ठेवणारा संपादक मला फार मोठा वाटतो. पोथी चुलीत घातली असती तर विचारणारं कोण होतं? पुढे अमृतलाल नागरांनी हे पुस्तक हिंदीत नेलं, या शतकात इंग्रजीतही आलं. वरसईच्या भटजींचा प्रवास अजून चालूच आहे म्हणायचा.

आता निबंध. या प्रकारात माझ्या यादीत ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' आहे. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला झोडपणं सुरू झालं. ते वाचून बुलढाण्याच्या एका तिशीतल्या बाईचं डोकं फिरलं आणि तिने लेखणी उचलली. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजातले. त्यांनी मुलीला शिकवलेलं. पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

ताराबाईंचं म्हणणं साधं आहे. जे जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते एकेक करून पुरुषांत दाखवते, मग करा तुलना. पण ते ज्या तिखट घरगुती बोलीत सांगितलंय, ती वाचताना आजही आपण अंग चोरून बसतो. निदान मी तरी बसतो. टीका झालीच. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात त्यांची बाजू घेतली, ताराबाईंचा उल्लेख मुलीसारखा, चिरंजीव म्हणून केला. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पाचशे प्रती कुठे कुठे गेल्या, वाळवीने खाल्ल्या, रद्दीत गेल्या. जवळजवळ नव्वद वर्षं हे पुस्तक मराठीत असून नसल्यासारखं होतं. ते पुन्हा उजेडात आणलं स. गं. मालशे यांनी, १९७५ साली.

मालशे हे मराठीचे प्राध्यापक, जुन्या नियतकालिकांचे आणि दुर्मिळ पुस्तकांचे अभ्यासक. याच मालशांनी धनंजय कीर यांच्याबरोबर 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' संपादित केलं, ते १९६९ साली आलं. तिथेही एक चटका लावणारी गोष्ट आहे. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला १८८३ साली. तो छापायला घेतला नारायण मेघाजी लोखंडे यांनी आपल्या 'दीनबंधू'त. लोखंडे म्हणजे कुणी परका नव्हे, सत्यशोधकच, गिरणी कामगारांचा पहिला पुढारी. पण पहिले दोन भाग छापून त्यांनी हात आखडता घेतला. जोतीराव भडकले, आणि तो राग त्यांनी लिहूनही ठेवला. म्हणजे पाहा, दुसरा माणूस नेहमी उपयोगी पडतोच असं नाही. कधी तो अर्ध्या वाटेत थांबतो. त्याच्या डोक्यावरही खटल्याचं, पैशाचं, वर्तमानपत्र बंद पडण्याचं ओझं असतं. पण तो थांबला की पुस्तकही थांबतं.

ताराबाईंचं पुस्तक १९७५ साली परत आलं तो योग चांगला होता. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. पुस्तक वाचायला तयार असलेली एक पिढी तेव्हा समोर उभी होती. पण मी कधीकधी उलटा विचार करतो. १८८२ ते १९७५ या काळात आपल्याकडे ज्या बायका लिहायला बसल्या असतील, त्यातल्या किती जणींना ठाऊक होतं की आपल्या आधी बुलढाण्यात कुणीतरी हे सगळं लिहून ठेवलंय? प्रत्येकीने पहिल्यापासून सुरुवात केली. पुस्तक हरवतं तेव्हा नुसते कागद हरवत नाहीत, मागून येणाऱ्यांची इतकी वर्षं फुकट जातात.

आत्मचरित्रात 'स्मृतिचित्रे'. याला दुसरा पर्याय आहे असं मला वाटत नाही, तुमचं मत वेगळं असू शकतं. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. माहेरच्या गोखले. अकराव्या वर्षी लग्न, नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक, लहरी आणि देवमाणूस असं अवघड मिश्रण. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग १९०० साली आपल्या विचाराने त्यांनीही तो धर्म घेतला. शाळा अशी नाहीच. टिळकांनी घरी शिकवलं तेवढंच.

१९१९ साली टिळक गेले. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. आई लिहू लागली आणि मुलाच्या ध्यानात आलं की हे वडिलांच्या चरित्राचं साधन नाही, हे स्वतंत्रच काहीतरी आहे! हे ध्यानात येणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या एखाद्या मुलाने त्यातले वडिलांविषयीचे तपशील उचलले असते, शुद्धलेखन सुधारलं असतं आणि आईची वही माळ्यावर टाकली असती. देवदत्तांनी तसं केलं नाही. आठवणी 'संजीवनी' साप्ताहिकातून येऊ लागल्या, आणि १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकाचे चार भाग निघाले. चौथा भाग पुरा व्हायच्या आत, फेब्रुवारी १९३६ मध्ये, लक्ष्मीबाई गेल्या. राहिलेला मजकूर देवदत्तांनी पुरा केला. पुढे नातू अशोक टिळक यांनी १९८९ मध्ये सगळं पुन्हा तपासून नवी आवृत्ती सिद्ध केली. एका पुस्तकासाठी तीन पिढ्या.

पण या घरात ही रीतच होती असं दिसतं. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेतलं होतं, सुरुवातीचे अध्याय झाले आणि ते गेले. ते काव्य पुढे साठांहून अधिक अध्याय लिहून लक्ष्मीबाईंनी तडीला नेलं. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली तिने नवऱ्याचं काव्य पुरं केलं, आणि तिचं पुस्तक मुलाने. आता 'ख्रिस्तायन' फारसं कुणी वाचत नाही आणि 'स्मृतिचित्रे' सगळे वाचतात, हा पुढचा भाग.

कवितेत बहिणाबाई. १८८० साली असोद्याला जन्म, १९५१ च्या डिसेंबरात जळगावात मृत्यू. अक्षर ओळखीचं नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी सुचत, त्या म्हणत, आणि जवळ असलेला सोपानदेव, किंवा नात्यातला पितांबर चौधरी, ती उतरून घेत. सोपानदेव स्वतः कवी होते, नावाजलेले होते. आई गेल्यावर त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती डोक्यावर घेतली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' बाहेर आली. झाली त्याला सत्तरहून जास्त वर्षं. आज सोपानदेवांच्या स्वतःच्या कविता किती जणांना आठवतात? आईची वही पुढे करताना ती आपल्याला झाकून टाकणार, हे कवी असलेल्या मुलाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. तरी त्याने ती पुढे केली.

आणि जी गाणी कुणी उतरून घेतली नाहीत? सोपानदेव घरी नसताना, पितांबर जवळ नसताना जी शेतात म्हटली गेली असतील, ती? ती त्या शेतातच राहिली. खानदेशात, कोकणात, मराठवाड्यात अशा आणखी किती बहिणाबाई असतील, ज्यांना सोपानदेव मिळाला नाही, याचा हिशोब आपल्याकडे नाही.

आता जरा हलकं. पाककृती हा प्रकार आपल्याकडे साहित्यात धरत नाहीत, पण मी धरतो. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं, तेव्हापासून मराठी बाई छापील पुस्तक पाहून स्वयंपाक करू लागली असं म्हणता येईल. पण माझी आवड 'रुचिरा'. कमलाबाई ओगले, शाळा चौथीपर्यंत, सगळं ज्ञान सासूबाईंच्या हाताखाली मिळवलेलं. १९७० साली पुस्तक आलं ते मुकुंदराव किर्लोस्करांमुळे. तोवरच्या पुस्तकांत शेर-छटाक-तोळे, नाहीतर 'अंदाजाने' हा रामबाण शब्द. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हे माप धरलं. झालं! नव्याने संसार मांडलेल्या, सासर-माहेर दोन्हीपासून लांब राहणाऱ्या मुलीला एवढंच हवं होतं. पुस्तकाच्या प्रती लाखांत गेल्या. लग्नात मुलीला दिली जाणारी आणि परदेशी जाताना बॅगेत कोंबली जाणारी ही बहुधा एकच मराठी पुस्तक असावी, असा माझा आपला अंदाज.

आमच्या घरच्या प्रतीत चकलीच्या पानावर आईने पेन्सिलीने मोहन किती घालायचं ते आपल्या मापाने लिहिलंय, त्याखाली माझ्या बहिणीने वेगळ्या शाईत आणखी काही. म्हणजे इथे दुसरा माणूस संपादक नाही, प्रकाशक नाही, वापरणारीच आहे. पुस्तक टिकलं ते रोज वापरात राहिल्यामुळे, तेलाच्या डागांसकट.

विज्ञानकथेत जयंत नारळीकर. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा 'यक्षांची देणगी' पुन्हा काढून वाचलं. त्यांची पहिली गोष्ट कशी आली हे बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथास्पर्धा ठेवली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. आपल्या नावाने गोष्ट पाठवली तर ती वाचायच्या आधीच बक्षीस मिळेल, ही धास्ती. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात होती. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं! मला यातलं आवडतं ते असं की बाकी सगळे लेखक आपल्याला कुणीतरी वाचावं, ओळखावं म्हणून धडपडत असताना इथे एक माणूस अनोळखी परीक्षकाच्या हाती स्वतःला सोपवतोय. दुसऱ्या माणसावर एवढा विश्वास टाकायला मन मोठं लागतं. आणि त्या परीक्षकांनीही एका अनोळखी जगतापाची गोष्ट पूर्ण वाचली, हे विसरून चालणार नाही.

यादीतला शेवटचा प्रकार रहस्यकथा, आणि तिथे येऊन माझी गाडी अडली.

रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची माणसं. लिहिलेल्या पुस्तकांची संख्या हजाराच्या वर. मराठीत इतकं लिहिलेला आणि इतका वाचला गेलेला दुसरा लेखक दाखवा. गिरगावात, दादरला, लहान लहान गावांत ज्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या होत्या, त्या अर्नाळकरांवर चालत. दिवसाच्या भाड्याने पुस्तक घ्यायचं, रात्रीत संपवायचं, सकाळी परत. गिरणीतला कामगार, चाळीतली गृहिणी, शाळेच्या पुस्तकात लपवून वाचणारा मुलगा, सगळे एकाच रांगेत. मराठी माणसाला वाचायची सवय कुणी लावली याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं झालं तर त्यात अर्नाळकर पहिल्या ओळीत येतात.

पण त्यांना देवदत्त मिळाला नाही की मालशे मिळाला नाही. कारण ही पुस्तकं जपायची असतात असं कुणाला वाटलंच नाही. स्वस्त कागद, भाड्याने फिरून खिळखिळी झालेली बांधणी. फाटली की टाकून द्यायची. लायब्ररी बंद झाली की रद्दी. ग्रंथसंग्रहालयाच्या समितीवरल्या मंडळींना असली पुस्तकं कपाटात ठेवणं कमीपणाचं वाटे, आणि ज्या वाचकांनी ती शेकड्याने वाचली ते आपण ती वाचली हे चारचौघांत सांगत नसत. निवडक पुस्तकं मधूनमधून पुन्हा छापली जातात, नाही असं नाही. पण हजारांतली निवडक म्हणजे किती? माझ्या यादीत या ओळीपुढे एक विशिष्ट नाव लिहायचं होतं, ते मी लिहू शकलो नाही. जे लहानपणी वाचलं त्याची नावं आठवत नाहीत, आणि ताडून पाहायला पुस्तक हाती नाही.

गाथा, आत्मचरित्र, निबंध यांना उशिरा का होईना, जपणारं माणूस मिळतं. ज्याला आपण हलकं ठरवतो त्याला मिळत नाही. आणि हलकं काय हे ठरवणारे आपण किती वेळा चुकलोय! ताराबाईंचा निबंध त्या काळी थोरामोठ्यांना शिवराळ चोपडं वाटलं. बहिणाबाईंची गाणी म्हणजे बायकांच्या ओव्या. भटजींची दक्षिणेची हकिकत म्हणजे इतिहास नव्हेच. आज या तिन्हींवर प्रबंध लिहिले जातात.

म्हणून शेवटी एका अशा माणसाचं नाव घेतो ज्याने स्वतःची कथा-कविता म्हणून काहीच मागे ठेवलं नाही, तरी तो माझ्या आवडत्या लेखकांत आहे. शंकर गणेश दाते. यांनी 'मराठी ग्रंथसूची' केली, १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची. मग दुसरा खंड, १९३८ ते १९५० चा. एका माणसाने दीडशे वर्षांच्या छापील मराठीची यादी करायला घेतली. त्या यादीत ज्ञानेश्वरी आहे तसंच पाकशास्त्र आहे, वेदान्त आहे तशाच रहस्यकथा आहेत. थोर कोण आणि हलकं कोण हा निवाडा करत ते बसले नाहीत. छापलं गेलं ना, मग नोंद झाली पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र. पुढे १९५४ साली कायदा झाला, प्रत्येक प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवलीच पाहिजे असा. पण कायदा पुस्तकाची मागणी करतो, माया करत नाही. ती दात्यांसारख्या माणसाने करावी लागते.

मी काही दाते नाही. पण रद्दीच्या दुकानापुढून जाताना आताशा पाय थबकतात. मागच्या महिन्यात कव्हर नसलेलं, पहिली आठ पानं गेलेलं एक झुंजारचं पुस्तक मिळालं, पाच रुपयांना. दुकानदार म्हणाला, साहेब, याला सुरुवातच नाही, काय वाचणार? घेतलं तरी. तुमच्याही घरात माळ्यावर, एखाद्या मामाच्या किंवा आत्याच्या पेटीत, असं काही पडलेलं असेल. टाकायच्या आधी निदान नाव, साल आणि छापखाना तेवढा एका वहीत लिहून ठेवा. आणि पहिली आठ पानं कुणाकडे असतील तर जरूर सांगा, कारण प्रेत वाड्यात आलं कसं हे मला अजून कळलेलं नाही.